माणूस बघून मास्क शिवणाऱ्या गावभागातल्या काकू

सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात मी सतरा वर्षं दिवाणजी आहे. फेब्रुवारी-मार्चात नवी हळद यायला लागली की पोती ओतली जातात, हळकुंडं खाली-वर होतात आणि बारीक पिवळी धूळ दिवसभर तरंगत राहते. तिथं बसून वह्या लिहिणारा माणूस संध्याकाळी शिंकला तर रुमाल पिवळा होतो. महाराष्ट्रातली मास्कची सक्ती २०२२ च्या गुढीपाडव्याला उठली, माझा मास्क मात्र सुटला नाही.

गावभागात, गणपती मंदिरापासून चालत पाचेक मिनिटांवर, एका जुन्या वाड्याच्या पुढच्या खोलीत एक काकू शिवणकाम करतात. ब्लाऊज, फॉल-पिको आणि मास्क. दुकानाला पाटी नाही. मशीन पायाचंच आहे. २०१९ च्या महापुरात ते पाण्यात होतं, त्याच्या लाकडी फळीवर पाणी कुठवर चढलं होतं त्याची रेघ अजून दिसते. गेल्या चार वर्षांत घरच्यांसाठी आणि यार्डातल्या लोकांसाठी मिळून तीसेक मास्क मी त्यांच्याकडून शिवून घेतले. बरेचसे उत्तम निघाले, काही परत न्यावे लागले. दोन्ही सांगतो.

पहिल्यांदा गेलो तेव्हा सरळ म्हणालो, "काकू, सहा मास्क पाहिजेत." त्यांनी मशीनवरचा पाय थांबवला.

"कुणाला पायजेत?"

"मलाच."

"चष्मा कायमचा का वाचण्यापुरता? रोज किती तास घालणार? तिथं बोलावं लागतंय का गप बसून काम?"

मी म्हटलं, सौद्याच्या वेळी ओरडून बोलावं लागतं. मग त्यांनी टेप घेतली, नाकाच्या हाडापासून हनुवटीच्या खालपर्यंत धरली आणि म्हणाल्या, "आता आ करा." तोंड मिटून घेतलेलं माप बोलणाऱ्या माणसाला पुरत नाही, दोन वाक्यं बोलली की मास्क नाकावरून खाली येतो. तोवर मी जे जे मास्क घातले होते ते सगळे दिवसात शंभर वेळा वर ओढावे लागायचे. कारण एवढंच होतं, आणि ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांची कापणी कटोरी ब्लाऊजची. दोन तुकडे गोलाईत कापून मधोमध जोडतात, त्यामुळं नाका-तोंडापुढं पोकळी राहते आणि कापड ओठाला चिकटत नाही. थर तीन. आत पांढरं मलमल, मध्ये साडीच्या दुकानात पिशव्यांना वापरतात ते नॉन-वुव्हन कापड, कोरं आणि छपाई नसलेलं, आणि बाहेर टेरिकॉट. जागतिक आरोग्य संघटनेनं जून २०२० मध्ये कापडी मास्कसाठी याच धर्तीचे तीन थर सुचवले होते: आत पाणी शोषणारं सुती, मध्ये नॉन-वुव्हन पॉलिप्रॉपिलीन, बाहेर पाणी न शोषणारं पॉलिस्टर किंवा मिश्र कापड. काकूंनी त्यात स्वतःची एक गोष्ट घातली आहे. मधली शिवण तिन्ही थरांत एकावर एक येऊ देत नाहीत, प्रत्येक थराची शिवण अर्धं बोट बाजूला सरकवतात. सुईची भोकं एका रेषेत आली तर धूळ तिथूनच आत येणार, हे त्यांचं म्हणणं.

ते म्हणणं खरं आहे का, हे मला घरच्या मोरीत बघता आलं. हळद लागलेला पांढरा कपडा साबणाच्या पाण्यात टाकला की डाग लाल होतो, हे आपल्याकडं कुणालाही सांगायला नको. साबण अल्कधर्मी, आणि हळदीतलं कर्क्युमिन अशा पाण्यात लाल पडतं. हळदीत चुना घालून कुंकू करतात तेही याच गुणावर. काकू आतला थर मुद्दाम पांढरा ठेवतात. संध्याकाळी मास्क उलटा करून त्यावर कपड्याचा साबण ओला करून फिरवायचा. जिथून धूळ आत शिरली असेल तिथं कापड लाल होतं.

पहिल्या मास्कात मधली शिवण स्वच्छ निघाली. नाकाच्या दोन्ही बाजूंना मात्र डोळ्यांच्या दिशेनं दोन लाल फराटे उठले. म्हणजे कापडातून फारसं काही येत नव्हतं, येत होतं ते नाकाशेजारच्या फटीतून. मास्क तसाच लाल ठेवून दुसऱ्या दिवशी काकूंना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ खिडकीशी धरून बघितला, मग माझ्या नाकाशी दोन टाचण्या लावून तिथं छोटे टक्स घातले आणि वरच्या काठाला नाकाच्या पट्टीसाठी खोळ शिवली. पुढच्या आठवड्यात फराटे जवळजवळ गेले होते. चष्म्यावर वाफ येणंही त्याच दिवसापासून थांबलं, कारण वाफ बाहेर पडायची वाट आणि धूळ आत यायची वाट एकच. आता यार्डातली आम्ही चौघंजण दर शनिवारी साबण फिरवून बघतो. धुतल्यावर मास्क कडक उन्हात टाकायचे, उन्हानं हळदीचा रंग उडतो आणि मलमल पुढच्या तपासणीला पुन्हा पांढरं होतं.

ज्या गिऱ्हाइकाला काकूंनी मास्क द्यायला नकार दिला, त्याचंही सांगायला हवं. आमच्या ओळखीचा एकजण हळद दळायच्या चक्कीवर काम करतो. त्याला मीच घेऊन गेलो होतो. काम ऐकून काकू म्हणाल्या, "तिथली धूळ पिठावानी. माझं कापड तिला पुरं पडायचं न्हाई. मेडिकलमधनं एन-९५ घ्या." शंभर-दीडशे रुपयांचं काम त्यांनी हातचं सोडलं. हळकुंडाची धूळ जाड, दळलेली पूड त्याहून कितीतरी बारीक, आणि फुप्फुसं त्याची आहेत. माझा त्यांच्यावर विश्वास बसला तो त्या दिवशी.

आता आईचं. आई एकोणऐंशी वर्षांची, दोन्ही कानांमागं ऐकायची मशीनं. कानात अडकवायचं लास्टिक, चष्म्याची काडी आणि मशीन, तिन्ही एकाच जागी. २०२१ मध्ये दवाखान्यातून परतताना तिनं रिक्षात मास्क काढला आणि डाव्या कानाचं मशीन त्याच्याबरोबर उडालं. घरी आल्यावर कळलं. रिक्षा सापडली नाही. त्यानंतर तीन महिने आई एका कानावर होती, आणि त्या तीन महिन्यांत ती घरात बोलायचीच थांबली होती. ते दिवस मला आजही नकोसे वाटतात.

काकूंकडं नेलं तेव्हा मी सुचवलं की डोक्यामागं बांधायच्या नाड्या लावा. काकूंनी आईला हात वर करायला सांगितले. खांदा धरलेला, हात कानाच्या वर जात नव्हता. "वहिनींनी नाडी बांधायची कशी?" असं मलाच विचारलं. मग त्यांनी एक पाठपट्टी शिवली. चार बोटं रुंद, मऊ कापडाची, दोन्ही टोकांना दोन-दोन बटणं. ती अंबाड्याच्या खाली मानेवर बसते, मास्कचं लास्टिक बटणाला अडकतं, कानाला काही लागतच नाही. एक बाजू घरातून निघतानाच अडकवलेली असते, दुसरी आई एका हातानं अडकवते. दोन बटणं एवढ्यासाठी, की केस धुतलेल्या दिवशी अंबाडा सैल असतो. ही पट्टी पंचवीस रुपयांची आहे. मशीन गेलं ते एकवीस हजारांचं होतं.

पण काकू तिथं थांबल्या नाहीत. आई त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघतेय हे त्यांच्या ध्यानात आलं. आई मशीन असूनही निम्मं ओठांवरून समजून घेते. काकू मला म्हणाल्या, "मास्क यांना न्हाई, तुम्हांला बदलायला पायजे. तुमचं तोंड झाकलं की यांचे कान बंद." मी सर्दी-खोकल्यात घरात मास्क लावायचो आणि आई उगाच चिडते असं समजायचो.

त्यांनी मला आणि बायकोला पारदर्शक खिडकीचा मास्क शिवून दिला. ओठांसमोर जाड प्लॅस्टिकचा तुकडा, कडेनं पायपिंग. पहिल्या मास्कात शिवण थेट प्लॅस्टिकवर मारली होती, आठवड्यात ती टाक्यांच्या ओळीवरून फाटली. दुसऱ्यात टाके लांब घातले आणि दोन्ही बाजूंनी कापडाची किनार दिली, तो दीड वर्ष टिकला. वाफ धरते म्हणून आतून साबणाचा हात फिरवून कोरड्या कापडानं पुसायचं, मग तासभर वाफ धरत नाही. उकळायचा नाही, इस्त्री लावायची नाही. श्वासाला जड आहे, दिवसभर घालता येत नाही. तरी सांगतो, एवढ्या सगळ्या मास्कांत मला सर्वांत मोलाचा हाच वाटतो. तो घालून मी पहिल्यांदा आईला "चहा घेणार का?" विचारलं आणि तिनं लगेच "अर्धा कप" म्हटलं.

दाढीवाल्यांनी फार अपेक्षा ठेवू नये. आमच्या एका हमालांची दाढी छातीपर्यंत आहे. काकूंनी खालचा भाग लांब कापून दाढीखाली नाडी दिली. रुमालापेक्षा पुष्कळ बरं, पण साबण फिरवला की गालांच्या कडा लाल येतातच. केसांवर कापड घट्ट बसणार नाही, हे काकूंनी माप घेतानाच बोलून दाखवलं होतं.

माझ्या चुलत बहिणीला मिरजेत केमो चालू होती तेव्हाचं काम मात्र फार जिव्हाळ्याचं झालं. केस गेलेले, कानामागची कातडी सोललेली, डोक्यामागचं लास्टिक घसरायचं. डॉक्टरांनी सर्जिकल मास्कच वापरायला सांगितलं होतं, म्हणून काकूंनी वेगळा मास्क शिवलाच नाही. जुन्या धोतराच्या कापडाची टोपी शिवली, तिला कानांच्या वर बटणं लावली, म्हणजे सर्जिकल मास्कचं लास्टिक बटणांवर अडकावं. शिवण सगळी बाहेरच्या बाजूला, आत एकही टाका टोचत नव्हता. तिचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. मी ठेवायला गेलो तर हात जोडले.

तक्रारी आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. लग्नसराईत चार दिवस सांगून काम अकरा दिवसांनी मिळतं. ब्लाऊजची गर्दी असते हे मान्य, पण तसं आधी सांगावं. बाहेरून खणाचं कापड लावलेले मास्क दिसायला सुरेख, पण माझ्या पुतणीच्या मास्कचा जांभळा रंग पहिल्याच धुण्यात आतल्या मलमलवर उतरला. कापड आधी भिजवून घ्यायला हवं होतं, आणि मी सांगितल्यापासून त्या भिजवतात. सुरुवातीला नाकाच्या पट्टीऐवजी बारीक तार घालायच्या, ती धुण्यात गंजली आणि तीन आठवड्यांत मोडून टोक बाहेर आलं. गालाला लागलं असतं. आता चपटी ॲल्युमिनियमची पट्टी आहे आणि खोळीतून काढून धुता येते, तरी घेताना बोटानं चाचपून घ्या.

लहान मुलांच्या मापात काकूंचा हात अजून बसलेला नाही. पुतणीचा मास्क गालाशी सैल होता, दोनदा उसवावा लागला. दोन वर्षांखालच्या बाळाला त्या मास्क शिवतच नाहीत, आणि ते योग्यच आहे. इतक्या लहान बाळाला तो घालायचाच नसतो.

दर सध्या असे आहेत: साधा तीन थरांचा ४० रुपये, नाकाच्या पट्टीचा ६०, खिडकीचा १२०. कापड आपलं दिलं तर दहा रुपये कमी. रोखच द्यावे लागतात. दुपारी एक ते चार बंद, सोमवारी पूर्ण बंद. जुनं मऊ धोतर किंवा सुती साडी घरात असेल तर आतल्या थराला घेऊन जा, नव्या मलमलपेक्षा ते कातडीला सुखाचं. आणि ज्याला मास्क घालायचा आहे त्यालाच बरोबर न्या. आईचं माप मी घरून चिठ्ठीवर लिहून नेलं होतं, ते काकूंनी घडी करून माझ्या हातात परत दिलं.