सायटिकाचा त्रास : थांबावे, इंजेक्शन घ्यावे की ऑपरेशन करावे?

कमरेतून निघून कुल्ल्यावरून मांडीच्या मागे, पोटरीत आणि तिथून पावलापर्यंत उतरणारी कळ घेऊन माणूस दवाखान्यात जातो, तेव्हा परतताना त्याच्या हाती बहुधा एमआरआयचा लिफाफा असतो आणि कानावर दोन विरुद्ध सल्ले आलेले असतात. एक सल्ला ऑपरेशन लगेच उरकून घेण्याचा असतो. दुसरा, जो बहुतेक वेळा घरातून किंवा गावातून येतो, तो मणक्याला कोणाला हातही लावू देऊ नये असा असतो. दोन्ही सल्ले देणाऱ्यांनी एखादा बरा झालेला किंवा बिघडलेला रुग्ण प्रत्यक्ष पाहिलेला असतो, म्हणून दोघेही ठामपणे बोलतात. निर्णयासाठी मात्र पायातली ताकद शाबूत आहे का, दुखणे सुरू होऊन किती आठवडे झाले आणि रुग्णाला पोटासाठी कोणते काम करावे लागते, या गोष्टी आधी पाहाव्या लागतात. एमआरआयचे चित्र त्यांच्यानंतर येते.

आधी दुखणे कोणते ते पाहावे

वाकून ओझे उचलताना कमरेत उसण भरणे किंवा चमक निघणे आणि सायटिका होणे ही दोन वेगळी दुखणी आहेत. साध्या कंबरदुखीत वेदना कमरेत राहते, फार तर कुल्ल्यापर्यंत किंवा मांडीपर्यंत पसरते, आणि तिच्यावर ऑपरेशनचा प्रश्न सहसा येतच नाही. सायटिकात कमरेपेक्षा पाय जास्त दुखतो, वेदना गुडघ्याखाली उतरते, खोकताना-शिंकताना झटका बसतो, आणि मणक्यांमधली गादी सरकलेली असेल तर बसल्यावर त्रास वाढतो. सायटिक नस ही शरीरातील सर्वांत जाड नस असून कमरेच्या खालच्या दोन मणक्यांजवळून आणि त्यांच्याखालच्या त्रिकास्थीतून निघणाऱ्या मुळांपासून ती तयार होते. मणक्यांमधल्या गादीचा भाग बाहेर येऊन या मुळांवर दाब आणतो, तसेच तिथे सूजही निर्माण करतो. ही कारणमीमांसा बोस्टनच्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार या शल्यचिकित्सकांनी 1934 साली मांडली आणि आजचे ऑपरेशन त्याच समजुतीवर उभे आहे.

कोणते मूळ दबले आहे याचा अंदाज घरीही येऊ शकतो. कमरेच्या पाचव्या मुळावर दाब असेल तर पोटरीच्या बाहेरच्या बाजूला आणि पावलाच्या वरच्या भागात अंगठ्यापर्यंत मुंग्या येतात, अंगठा वर उचलण्याची ताकद कमी होते आणि टाचांवर चालणे जमत नाही. त्याच्या खालच्या मुळावर दाब असेल तर पोटरीच्या मागे आणि पावलाच्या बाहेरच्या कडेला बधिरता येते, आणि त्या एका पायाच्या चवड्यावर उभे राहणे कठीण होते. टाचांवर दहा पावले चालून पाहणे आणि एकेका पायाच्या चवड्यावर उभे राहून पाहणे, एवढी तपासणी रुग्णाने आठवड्यातून दोनदा केली तरी ताकद घटते आहे की टिकून आहे, हे वेळेवर कळते. माझ्या मते एमआरआयच्या अहवालातील कोणत्याही ओळीपेक्षा ही माहिती निर्णयासाठी अधिक मोलाची आहे.

सायटिकासारखी भासणारी इतर दुखणीही लक्षात ठेवली पाहिजेत. मांडी घालून बसता येत नसेल आणि दुखणे जांघेत असेल, तर दोष खुब्याच्या सांध्यात असू शकतो. स्टेरॉइड दीर्घकाळ घेतलेल्यांमध्ये आणि जास्त दारू पिणाऱ्यांमध्ये खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते कुजू लागते, आणि असा रुग्ण कधीकधी कित्येक महिने मणक्याची औषधे घेत राहतो. दोन्ही तळव्यांना सारखीच आग होत असेल तर मधुमेह आणि बी-12 ची कमतरता तपासावी. कंबरदुखीसोबत संध्याकाळी बारीक ताप येत असेल, वजन उतरत असेल आणि रात्री पडून राहिल्यावरही वेदना थांबत नसेल, तर मणक्याचा क्षयरोग मनात आणला पाहिजे. तो आपल्याकडे आजही आढळतो आणि त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

जिथे थांबायचे नाही

लघवी अडकणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, गुदद्वाराभोवती आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरता येणे, दोन्ही पायांत एकाच वेळी अशक्तपणा येणे, यांपैकी काहीही घडले तर तुलना करत बसू नये. मणक्यातील नसांचा पूर्ण जुडगा दबल्याची ही खूण असते आणि ऑपरेशनला जितका उशीर होतो तितका लघवीचा ताबा कायमचा जाण्याचा धोका वाढतो. रात्र असली तरी 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून मणक्याचे ऑपरेशन होत असेल अशा मोठ्या रुग्णालयात पोहोचावे. तालुक्याच्या ठिकाणी सलाइन लावून सकाळची वाट पाहणे इथे परवडत नाही. पाऊल अचानक लोंबकळू लागले किंवा ताकद दिवसेंदिवस घटत असेल, तरीही त्याच आठवड्यात मणक्याच्या शल्यचिकित्सकाला दाखवावे.

थांबणे आणि ऑपरेशन, समोरासमोर

ताकद शाबूत आहे, फक्त वेदना आहे, अशा बहुसंख्य रुग्णांपुढचा खरा प्रश्न इथे सुरू होतो. थांबणे याचा अर्थ खाटेवर पडून राहणे असा घेतला जातो, तो चुकीचा आहे. सायटिकात पूर्ण विश्रांती घेतल्याने बरे होण्याचा वेग वाढत नाही, हे नेदरलँड्समधील एका चाचणीत 1999 सालीच दिसून आले होते. थांबणे म्हणजे वेदना सहन होईल इतके चालत-फिरत राहणे, वाकून ओझे न उचलणे, एका जागी अर्ध्या तासापेक्षा जास्त न बसणे, वेदनाशामक गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजक्या दिवसांसाठी घेणे आणि तीव्र कळ ओसरली की फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घेणे. या काळात शरीर स्वतः काम करत असते; गादीचा बाहेर आलेला तुकडा कालांतराने आक्रसतो आणि शोषला जातो, आणि नवल असे की पूर्ण सुटून आलेला मोठा तुकडा किंचित फुगलेल्या गादीपेक्षा अधिक वेळा विरघळतो. म्हणूनच अहवालात तुकडा मोठा लिहिला आहे एवढ्यावरून घाबरून जाऊ नये.

एमआरआयबद्दल आणखी एक गोष्ट सांगणे गरजेचे आहे. कोणतेही दुखणे नसलेल्या माणसांचे एमआरआय काढून पाहिले असता, विशीतल्या सुमारे 30 टक्के आणि ऐंशीतल्या सुमारे 84 टक्के लोकांत गादी फुगलेली आढळते. चित्रातील दोष आणि पायातील कळ एकाच बाजूला आणि एकाच मुळाशी जुळत असतील तरच त्या चित्राला अर्थ आहे. धोक्याची लक्षणे नसतील तर पहिल्या सहा आठवड्यांत एमआरआयवर खर्च करण्याची सहसा गरज नसते, आणि साध्या एक्स-रेमध्ये तर गादी आणि नस दिसतच नाहीत.

ऑपरेशनच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा वेगाचा आहे. नेदरलँड्समध्येच 283 रुग्णांवर झालेली आणि 2007 साली प्रसिद्ध झालेली चाचणी इथे वाचण्यासारखी आहे. सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका सोसलेल्या या रुग्णांपैकी अर्ध्यांचे ऑपरेशन लवकर केले गेले आणि उरलेल्यांना थांबून उपचार दिले गेले, गरज पडली तर पुढे ऑपरेशनची मुभा ठेवून. ऑपरेशनच्या गटाला बरे वाटण्यास साधारण 4 आठवडे लागले, थांबलेल्या गटाला साधारण 12 आठवडे. वर्षाच्या शेवटी मात्र दोन्ही गटांतील 95 टक्के रुग्ण आपण बरे झालो असे सांगत होते. त्याच वेळी हेही ध्यानात घ्यावे लागते की थांबलेल्या गटातील 39 टक्के रुग्णांनी वर्षभरात शेवटी ऑपरेशन करून घेतले, म्हणजे थांबणे सर्वांना झेपले असे नाही. या चाचणीवरून मी असा निष्कर्ष काढतो की या टप्प्यावर ऑपरेशन मुख्यतः वेळ वाचवते, आणि तो वेळ कोणासाठी किती मोलाचा आहे हे ज्याचे त्याने ठरवायचे आहे.

दुखणे चार महिन्यांच्या पुढे गेले की पारडे बदलते. कॅनडात चार ते बारा महिने सायटिका असलेल्या 128 रुग्णांवर झालेल्या आणि 2020 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सहा महिन्यांनंतर पायातील वेदनेचा आकडा दहापैकी ऑपरेशनच्या गटात 2.8 आणि इतर उपचारांच्या गटात 5.2 होता. त्यामुळे सहा आठवड्यांपर्यंत थांबणे, त्यानंतर वेदना असह्य असेल तर ऑपरेशनचा विचार सुरू करणे, आणि चार महिन्यांनंतरही पाय तसाच दुखत असेल व एमआरआय त्याच्याशी जुळत असेल तर आणखी वर्षभर रेंगाळत न राहणे, हा क्रम मला सर्वांत समतोल वाटतो.

ऑपरेशनच्या विरुद्ध बाजूलाही वजन आहे. जंतुसंसर्ग, नसेच्या आवरणाला छेद जाणे आणि क्वचित नसेला इजा होणे हे धोके थोडे असले तरी खरे आहेत, आणि शंभरातल्या पाच ते पंधरा जणांमध्ये त्याच जागी गादी पुन्हा सरकते. पायातली कळ बहुधा लवकर थांबते, परंतु बधिरता जायला कित्येक महिने लागतात आणि कमरेचे जुने दुखणे तसेच राहू शकते. पाय न दुखता केवळ कंबर दुखते म्हणून गादीचे ऑपरेशन करून घेणाऱ्यांच्या पदरी निराशा येते ती यामुळेच. पहिल्यांदा सरकलेल्या साध्या गादीसाठी फक्त बाहेर आलेला तुकडा काढणे पुरेसे असते. डॉक्टरांनी स्क्रू आणि रॉड सुचवले असतील तर मणका पुढे सरकला आहे का, तो अस्थिर आहे का, हे स्पष्ट विचारावे, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर दुसऱ्या शल्यचिकित्सकाचे मत घ्यावे.

मणक्यातले इंजेक्शन

नसेच्या मुळाजवळ दिले जाणारे स्टेरॉइडचे इंजेक्शन थांबणे आणि ऑपरेशन या दोहोंच्या मधली वाट म्हणून सुचवले जाते. त्याचा पायाच्या वेदनेवर होणारा परिणाम सरासरीने लहान असतो आणि काही आठवड्यांत ओसरतो. ऑपरेशन कायमचे टळेल अशी आशा त्यावर ठेवू नये. रात्रीची झोप मिळावी, व्यायाम सुरू करता यावा, एवढ्या हेतूने ते घेणे योग्य आहे. मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस वाढते, म्हणून मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधीच सांगून ठेवावे.

गोळ्या, पट्टा, वजन आणि गावातले उपाय

प्रेगाबालिन ही गोळी सायटिकासाठी सर्रास लिहिली जाते, पण 2017 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत ती औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही आणि चक्कर येण्याचा त्रास मात्र वाढला. ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक सूचना सायटिकासाठी ही गोळी, कमरेचा पट्टा आणि वजन लावून झोपवणे, यांपैकी कशाचीच शिफारस करत नाहीत. पट्टा प्रवासापुरता बांधल्याने आधार वाटत असेल तर बांधावा, पण त्यावर महिनोन्‌महिने विसंबू नये. वेदनाशामक गोळ्या जठराला, मूत्रपिंडाला आणि रक्तदाबाला बाधतात. उन्हाळ्यात रानात घाम गाळणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या माणसाने त्या रोज घेणे विशेष धोक्याचे आहे. पुडीत बांधून मिळणाऱ्या, नाव नसलेल्या आणि एका दिवसात आराम देणाऱ्या गोळ्यांमध्ये स्टेरॉइड असण्याची शक्यता असते. त्या घेऊच नयेत.

आयुर्वेदात हे दुखणे गृध्रसी या नावाने वर्णिलेले आहे आणि नांदेड व धाराशिव येथे शासकीय आयुर्वेद महाविद्यालये आहेत. तेलाचा शेक आणि कटिबस्तीने (कमरेवर कोमट तेल साठवून ठेवण्याच्या उपचाराने) स्नायूंचा ताण हलका होऊन बरे वाटते असे अनेक रुग्ण सांगतात. थांबण्याच्या काळात पदवीधर वैद्याच्या देखरेखीखाली असे उपचार घ्यायला माझी हरकत नाही, मात्र पायातली ताकद मोजत राहण्याचे काम त्यामुळे बंद पडू नये. पायाळू माणसाकडून कमरेवर लाथ मारून घेणे, बिब्बा घालणे किंवा डाग देणे यांना मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. उसण एरवीही काही दिवसांत आपोआप उतरते, म्हणून लाथेला श्रेय मिळते. पण त्या जागी सरकलेली गादी किंवा क्षयाने पोखरलेला मणका असेल तर तीच लाथ माणसाला जन्माचे अपंग करू शकते. बिब्ब्याने कातडी भाजते आणि मधुमेह्याची अशी जखम महिनोन्‌महिने चिघळते.

साठीपुढचा रुग्ण

वयस्कर माणसाचे चित्र वेगळे असते. त्याला बसल्यावर बरे वाटते आणि थोडे चालले की दोन्ही पाय जड होऊन भरून येतात. पुढे वाकून काठीवर भार दिला किंवा पारावर दोन मिनिटे टेकले की तो पुन्हा चालू शकतो, आणि सायकल चालवताना त्याला फारसा त्रास होत नाही. मणक्यातली नसांची वाट अरुंद झाल्याची ही लक्षणे आहेत. नुसते उभे राहूनच पाय मोकळे होत असतील आणि रुग्ण विडी किंवा तंबाखूचा शौकीन असेल, तर पायाच्या रक्तवाहिन्या आधी तपासाव्यात. नसांची वाट अरुंद होण्याचा विकार हळूहळू वाढतो, म्हणून निर्णयाची घाई नसते. मंदिरापर्यंत किंवा शेताच्या बांधापर्यंत जाणेही बंद पडले तर ऑपरेशनने चालण्याचे अंतर वाढण्याची चांगली शक्यता असते.

काम, हंगाम आणि खर्च

शिक्षक, दुकानदार किंवा कार्यालयात बसणाऱ्या माणसाला बारा आठवडे थांबणे बहुधा जमते. दसरा-दिवाळीनंतर उचल घेऊन कोयत्यावर निघणाऱ्या ऊसतोड जोडप्याला ते जमेलच असे नाही, कारण मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणे हे या दुखण्यात सर्वांत घातक काम आहे. अशा कुटुंबाने उन्हाळ्यात किंवा पावसाळ्याच्या सुरुवातीला दुखणे अंगावर न काढता निदान करून घेतले, तर थांबून पाहण्याचे सहा आठवडे आणि गरज पडल्यास ऑपरेशननंतर जड ओझ्यापासून दूर राहण्याचे दोन-तीन महिने हंगामाआधी बसू शकतात. ऑपरेशन करून महिन्याभरात मोळी उचलायला जाणे म्हणजे गादी पुन्हा सरकण्याला वाव देणे आहे. त्यापेक्षा त्या वर्षीची उचलच न घेणे किंवा कमी घेणे हा कटू पण विचारात घेण्यासारखा पर्याय आहे.

छत्रपती संभाजीनगरचे घाटी हे शासकीय रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, तसेच लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये यांच्या अस्थिरोग विभागात पहिली तपासणी अल्प खर्चात होऊ शकते. खाजगी रुग्णालयात ऑपरेशन ठरत असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते नेमके बसते का, हे दाखल होण्याआधी तेथील आरोग्यमित्राला विचारावे, आणि शिधापत्रिका व आधार कार्डासोबत दुखणे कधी सुरू झाले, कोणत्या गोळ्या किती दिवस घेतल्या आणि टाचांवर चालणे कधीपासून जमेनासे झाले, याची तारखांसह लिहिलेली नोंद बरोबर न्यावी.