बेळगाव पायी: जोडीनं एक दिवस फिरायचं तर

निपाणी, चिकोडी, खानापूर भागातली जोडपी बेळगावला येतात ती बहुतेक कामासाठीच. दवाखाना, कोर्ट, नाहीतर लग्नाचा बस्ता. नुसतं फिरायला म्हणून एक दिवस काढला, तर पायी चालणाऱ्याला हे शहर भरपूर देतं. मात्र बाजार शेवटी ठेवायचा. स्टँडवर उतरून थेट खडेबाजारात घुसलं की अकरा वाजता दोघांच्याही हातात पिशव्या असतात आणि किल्ला राहून जातो.

चांगला क्रम असा: मध्यवर्ती बसस्थानक, किल्ला, चन्नम्मा चौक, कॉलेज रोड, संभाजी चौक, रेल्वे स्टेशन, काँग्रेस रोडनं टिळकवाडी, गोवावेस, शहापूर, कपिलेश्वर, शनिवार खूट, खडेबाजार आणि परत स्टँड. आतल्या गल्ल्या धरून दहा-बारा किलोमीटर होतात. साडेआठला निघालं तर दिवेलागणीपर्यंत आरामात होतं. खानापूरहून रेल्वेनं येणाऱ्यांनी स्टेशनवर उतरून आधी किल्ला गाठावा, पुढे क्रम तोच.

किल्ल्याला दोन तास द्यायलाच हवेत. स्टँडपासून तो चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. खंदक ओलांडून आत गेल्यावर सरळ कमल बस्ती गाठा. रट्ट राजघराण्याच्या काळात, 1204 साली त्यांचा मंत्री बिचिराजा यानं बांधलेलं हे जैन मंदिर आहे. मूर्ती नेमिनाथांची. मंडपात मधोमध उभं राहून वर पाहा: छतातून खाली झेपावलेलं दगडी कमळ, त्याला 72 पाकळ्या. भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तिन्ही काळांतले चोवीस-चोवीस तीर्थंकर धरून हा आकडा येतो. बाहेरच्या उन्हातून आल्यावर आधी काहीच दिसत नाही, दोन-तीन मिनिटं डोळे निवू द्या, मग पाकळ्यांच्या कडा एकेक करून उठून दिसू लागतात. घाईत मोबाईलचा फ्लॅश मारून निघणाऱ्याला यातलं काही मिळत नाही. शेजारची चिक्की बस्ती पडझड झालेली आहे, तरी तिच्या दर्शनी भागावरची नर्तकांची पट्टी बघावी. 1892 साली स्वामी विवेकानंद किल्ल्यात ज्या घरी उतरले होते, ते आता रामकृष्ण मिशनकडे आहे. तिथली शांतता आम्हाला किल्ल्यातल्या सगळ्यात मोलाची वाटते. काही भाग लष्कराच्या ताब्यात आहे, मनाईची पाटी दिसली की मागे फिरायचं आणि तिकडे फोटो काढायचा नाही.

कॉलेज रोड ते स्टेशन हा टप्पा भराभर उरकावा, वाहनांची वर्दळ फार. जेवण स्टेशन किंवा टिळकवाडीच्या बाजूला खानावळीत घ्या: ज्वारीची भाकरी, झुणका, उसळ, शेंगाचटणी. पोट तट्ट भरू नका, अजून निम्मी चाल बाकी असते.

टिळकवाडीत काँग्रेस विहीर आणि वीरसौध हे काँग्रेस अधिवेशनाचं स्मारक चुकवू नये. डिसेंबर 1924 चं काँग्रेस अधिवेशन इथं झालं. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन, आणि त्याच्या पाण्यासाठी ही विहीर खोदली गेली. आपल्या भागातल्या शाळकरी पोरांना हे तोंडपाठ असतं, पण विहिरीच्या कठड्याशी उभं राहिलेली मोठी माणसं थोडीच.

शहापूरला पोचल्यावर एक गोष्ट ध्यानात ठेवा. खडेबाजार दोन आहेत, एक शहापुरात आणि एक गावात. दोघं वेगळे होऊन 'खडेबाजारात भेटू' म्हणालात, तर एक इकडे आणि एक तिकडे ताटकळतो. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं. सराफी आणि विणकाम ही तिथली जुनी ओळख. साडी घ्यायची तर इथंच निवांत पाहता येते, गावातल्या गर्दीत दुकानदाराला घड्या उलगडायला सवड नसते. घडीवरची नक्षी पाहून भुलू नका. पूर्ण उलगडून घ्या, पदराचा जोड आणि काठाची मागची बाजू तपासा, सुटे धागे लोंबत असतील तर पहिल्या धुण्यात ओढले जातात. ब्लाऊजपीससह लांबी साधारण सव्वासहा मीटर हवी, ती समोर मोजून घ्या.

कपिलेश्वराच्या देवळात पाय मोकळे करून पुलावरून शनिवार खूट गाठलं की बाजार सुरू. गणपत गल्ली संध्याकाळी खच्चून भरते. पाकीट पुढच्या खिशात, पर्स पोटाशी.

कुंदा, म्हणजे बेळगावची दूध आटवून केलेली मिठाई, सगळ्यात शेवटी घ्या. आधी चव मागा, चांगले दुकानदार आनंदानं देतात. ताजा कुंदा ओलसर, रवाळ आणि तपकिरी असतो. वर तुपाचा तवंग आणि खाली कोरडा गोळा दिसला तर तो शिळा समजावा. कोमट असताना डबा बंद केला की आत वाफ धरते आणि तो आंबतो, म्हणून गरम मिळाला तर झाकण सैल ठेवायला सांगा. मांडे घेतले तर ते मांडीवरच न्यायचे. वरच्या फळीवर ठेवले की घरी पोचेपर्यंत चुरा.

उणीव मोठी आहे ती फूटपाथची. 2016 च्या पहिल्या वीस स्मार्ट सिटींत नाव आलं, फरशा बसल्या, पण त्यांवर दुचाक्या उभ्या असतात आणि माणसं रस्त्यावरून चालतात. पातळ तळाच्या चपला इथं चालत नाहीत, मागे पट्टा असलेली जाड तळाची पादत्राणं घाला. बायकांसाठी स्वच्छतागृहांची अवस्था त्याहून वाईट. बाजारात शोधत बसू नका, स्टँड, स्टेशन आणि जेवणाचं ठिकाण या तीन जागा धरूनच दिवस आखा. जून ते सप्टेंबर पावसामुळे किल्ल्यातले दगड शेवाळतात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

परतताना बस नीट बघून चढा. शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना साध्या बसला तिकीट पडत नाही, पण ती सवलत राज्यांतर्गत बसलाच. कोल्हापूरकडे जाणाऱ्या आंतरराज्य गाडीत निपाणीपर्यंत बसलं तरी पैसे पडतात. कर्नाटकचा पत्ता असलेलं आधार सोबत ठेवा आणि शून्याचं तिकीट मागून घ्या. फलक कन्नडमध्ये असतात, वाचता येत नसेल तर चढण्याआधी कंडक्टरला विचारा.