तोबा-शिमाला शेवंड खायला जाताय? आधी महिना बघा

जपानच्या मिए प्रांतातल्या तोबा आणि शिमा किनाऱ्यावर लोक मुक्काम करतात ते मुख्यतः जेवणासाठी. त्यामुळे रयोकान (पारंपरिक जपानी सराई) घ्यावं की मिनशुकू (घरगुती राहण्याची सोय), हा प्रश्न नंतरचा. ताटात काय पडणार ते महिना ठरवतो.

इथली दोन मोठी नावं म्हणजे इसे-एबी आणि आवाबी. इसे-एबी ही आपल्या शेवंडीच्याच कुळातली. आवाबी म्हणजे अॅबलोन, खडकाला घट्ट चिकटून राहणारा एकाच कवचाचा प्राणी. मिएमध्ये इसे-एबी पकडायला १ मे ते ३० सप्टेंबर बंदी असते आणि आवाबीला १५ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर. म्हणजे दोन्ही एकाच वेळी हंगामात मिळतात ते फक्त जानेवारी ते एप्रिल. ऑगस्टमध्ये शेवंड समोर आली तर ती टाकीत ठेवलेली, गोठवलेली किंवा बाहेरून आणलेली असणार. बंदीचा हिशोब कोकणातल्या माणसाला वेगळा समजवायला नको, पण बुकिंगच्या साइटवर फोटो बारा महिने तोच असतो. म्हणून बुकिंग करतानाच विचारा: त्या तारखेला इसे-एबी स्थानिक आणि जिवंत आहे का, आणि ती माणशी एक की दोघांत एक? 'दोघांत एक' हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि बहुतेक नाराजी तिथेच सुरू होते.

दर माणशी असतो, खोलीमागे नाही, आणि त्यात रात्रीचं जेवण आणि नाश्ता धरलेला असतो. घरगुती मिनशुकूत साधारण दहा ते पंधरा हजार येन पडतात, चांगल्या रयोकानात वीस हजारांच्या पुढे. एकट्या माणसाला, विशेषतः शनिवारी, पुष्कळ ठिकाणी नकार मिळतो. माझं मत विचाराल तर या किनाऱ्यावर खोलीवर पैसे घालू नयेत. मिनशुकूत भिंती पातळ, न्हाणीघर सामायिक आणि टॉवेल आणि युकाता (घालायचा सुती झगा) मिळेलच असं नाही. पण घरातलंच कोणी मासेमारीत असेल तर त्याच पैशांत ताट दुप्पट भरलेलं येतं. रयोकानात तुम्ही समुद्राकडे तोंड केलेल्या गरम कुंडाचे पैसे मोजता. ते हवं असेल तर जरूर मोजा.

जेवण सहा-साडेसहाला सुरू होतं, आणि 'साडेआठला येतो' हे इथे चालत नाही. इसे-एबी बहुधा साशिमी म्हणून येते: शेपटीचं कच्चं मांस कापून परत कवचात मांडलेलं, डोकं ताटात उभं, मिशा कधीकधी अजून हलत असतात. ते डोकं टाकून देऊ नका आणि चोखूनही संपवू नका. सकाळी त्याचंच मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) घातलेलं सूप होतं आणि पुष्कळदा रात्रीच्या साशिमीपेक्षा तेच जास्त चवदार लागतं. आवाबी छोट्या शेगडीवर जिवंत भाजतात. ती तव्यावर वळवळते, मुलांना हे बघवत नाही. नको असेल तर आधीच वाफवलेली किंवा लोण्यात परतलेली मागा. शेगडीखालची इंधनाची वडी विझेपर्यंत झाकण उघडायचं नाही, पण वडी विझल्यावर मात्र आवाबी लगेच काढायची. गरम तव्यावर पडून राहिली की ती चिवट होते आणि मग दोष स्वयंपाकघराला दिला जातो. हिरवट काळजाचा भाग कडू असतो, पण तो खातात. १०.६ सेंटीमीटरपेक्षा लहान आवाबी समुद्रात परत सोडावी लागते, तेव्हा ताटातली अगदीच चिमुकली दिसली तर ती इथली नाही.

शाकाहारी माणसाला मिनशुकूत नेऊ नका. सुकवलेल्या कात्सुओ माशाचा अर्क सूपपासून उकडलेल्या भाज्यांपर्यंत सगळ्यात असतो. 'मासा काढून द्या' म्हटलं तर तुकडा निघतो, अर्क निघत नाही. कोळंबी-खेकड्याची अॅलर्जी असेल तर ती बुकिंगच्या वेळीच कळवा. जेवायला बसल्यावर सांगून काही बदलत नाही.

आमा, म्हणजे सिलिंडर न लावता बुडी मारून आवाबी आणि शंख काढणाऱ्या बायका. तोबा-शिमाच्या या कौशल्याला २०१७ साली राष्ट्रीय लोकसांस्कृतिक वारशाचा दर्जा मिळाला. तोबाच्या ओसात्सू भागात त्यांच्या झोपड्यांत चुलीभोवती बसून जेवता येतं, पण आगाऊ बुकिंग लागतंच. साझाए हा शंख तोंड वर करून निखाऱ्यावर ठेवतात. आतलं पाणी उकळलं की सोया सॉसचे थेंब टाकतात. मग काडी टोचायची आणि काडी न हलवता शंख फिरवायचा, म्हणजे शेवटचा वेटोळा तुटत नाही. नुसता चहा-नाश्त्याचा पर्याय घेतला तर पोट भरणार नाही, दुपारच्या जेवणाचाच घ्या. धुराचा वास कपड्यांतून दोन दिवस जात नाही. हा अनुभव पैसे वसूल आहे, कारण वाढणारी बाई स्वतः पाण्यात उतरलेली असते. तिच्या डोक्यावरच्या फडक्यावर पाच टोकांची चांदणी आणि जाळीची खूण दिसली तर विचारा, समुद्रातल्या संकटांपासून रक्षणाची ती खूण आहे. जवळच शिन्मेई मंदिरातली इशिगामी देवी बायकांची एक इच्छा पूर्ण करते अशी श्रद्धा आहे.

तोबा स्टेशनजवळच्या मिकिमोतो मोती बेटावर पांढऱ्या पोशाखातल्या आमांचं प्रात्यक्षिक होतं. ते प्रात्यक्षिकच आहे, आज समुद्रात बहुतेक जणी काळा वेटसूट घालतात. पण १८९३ साली कोकिची मिकिमोतोने याच बेटावर अर्धगोल मोती वाढवून दाखवला, आणि संग्रहालय त्यासाठी पाहण्याजोगं आहे.

हिवाळ्यात तोबातल्या उरामुराला स्वतः भाजून खायची कालवं मिळतात. सपाट बाजू आधी खाली, तीनेक मिनिटांनी उलटायचं. कवच फुटून तुकडे उडतात, म्हणून हातमोजा काढू नका आणि कालवांवर तोंड नेऊन बघू नका. अर्धकच्चं खाऊ नका. नोरोव्हायरस मरायला आतपर्यंत ८५ ते ९० अंश उष्णता दीड मिनिट लागते.

नागोयाहून किन्तेत्सू या खाजगी रेल्वेच्या लिमिटेड एक्स्प्रेसने तोबा पावणेदोन तासांच्या आत येतं, पण त्यावर जेआर पास (पर्यटकांचा जपान रेल्वे पास) चालत नाही. जेआरची 'मिए' गाडी पासवर मिळते, मात्र मधल्या इसे रेल्वेच्या तुकड्याचं भाडं वेगळं द्यावं लागतं. ओसात्सूच्या बस मोजक्याच आहेत, परतीची वेळ उतरतानाच बघून ठेवा. रोख रक्कम जवळ असू द्या. टिप कोणी घेत नाही. आणि दोन रात्री एकाच मिनशुकूत काढायच्या असतील तर बुकिंग करतानाच दुसऱ्या रात्री वेगळं जेवण मागा, नाहीतर तेच ताट पुन्हा येतं.