टेक्सासच्या किनाऱ्यावर बुकिंगशिवाय हिवाळा: २४ फुटी आरव्ही (राहायची सोय असलेली गाडी), चार महिन्यांच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगून टाकतो. जानेवारी-फेब्रुवारीत टेक्सासच्या गल्फ किनाऱ्यावर बुकिंग न करता आरामात राहता येतं, पण गाडी नळ-विजेच्या जोडणीशिवाय किमान पाच दिवस तग धरणारी हवी. जागा मिळणं इथे तितकंसं अवघड नाही. सांडपाण्याची टाकी भरते, बॅटरी उतरते, मग माणूस हुकअपवाली, म्हणजे नळ-विजेची जोडणी असलेली, जागा शोधायला लागतो आणि नेमक्या त्याच जागा महिनोन् महिने आधी गेलेल्या असतात. त्यामुळे हा रिव्ह्यू गाडीपेक्षा तिच्या टाक्यांचा जास्त आहे.

गाडी क्लास सी (ट्रक-व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली), २४ फूट, पेट्रोल इंजिन, मागे जोडचाकं. फ्रेश टँक, म्हणजे स्वच्छ पाण्याची टाकी, ४० गॅलन, साधारण १५० लिटर. ग्रे (सिंक-शॉवरच्या सांडपाण्याची) आणि ब्लॅक (संडासाची) टाकी प्रत्येकी ३०. फ्रिज गॅसवर चालणारा, गाडी गरम ठेवणारी गॅसची फर्नेस ३०,००० बीटीयूची, जनरेटर ४००० वॅटचा, छतावर २०० वॅटचं सोलर. माणसं दोन.

फ्लोरिडा का नको, हा प्रश्न हमखास येतो. तिथल्या स्टेट पार्कांचं बुकिंग स्थानिकांना ११ महिने आणि २०२४ पासून बाहेरच्यांना १० महिने आधी उघडतं. आयत्या वेळी जाणाऱ्याच्या हाती कुणीतरी रद्द केलेली एखादी रात्र लागली तर लागली. टेक्सासात १९५९ च्या कायद्याने गवताच्या रेषेपर्यंतची वाळू लोकांसाठी खुली आहे. बऱ्याच ठिकाणी तिच्यावर गाडी नेता येते, रात्री राहताही येतं. सगळा फरक इथे आहे.

मुक्कामाचं मुख्य ठिकाण कॉर्पस क्रिस्टीजवळचं पाद्रे आयलंड नॅशनल सीशोअर. तिथलं मालाकीट कॅम्पग्राउंड 'जो आधी येईल त्याला' या तत्त्वावर चालतं. हुकअप नाही; संडास आहेत, शॉवर थंड पाण्याचे. पण पिण्याचं पाणी भरायची सोय आणि सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायचं डम्प स्टेशन आहे, आणि बुकिंगशिवाय फिरणाऱ्याला या दोन गोष्टी समुद्र दिसण्यापेक्षा मोलाच्या. डांबरी रस्ता संपला की पुढे साउथ बीच. वाळूचा पट्टा ६० मैलांचा, पण साध्या टू-व्हील ड्राइव्हने पहिल्या पाच मैलांपलीकडे जाऊ नये. पुढे फोर-व्हील ड्राइव्हच लागते. सलग १४ दिवसांची मर्यादा आहे. उत्तरेला पोर्ट अरॅन्ससच्या बीचवर परमिटचं स्टिकर घेऊन तीन दिवस राहता येतं. आणखी वर इंडियानोलाजवळ मॅग्नोलिया बीच. तिथे वाळूऐवजी शिंपल्यांचा घट्ट चुरा आहे, त्यामुळे जड गाडी रुतायची भीती खूपच कमी. पहिल्यांदा जाणाऱ्याने सुरुवात तिथून करावी.

पोचायची वेळ सकाळी १० ते १२, आणि वार सोमवार ते गुरुवार. जानेवारी आणि फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी सुट्टी असते, ते दोन्ही वीकेंड टाळा. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून स्प्रिंग ब्रेकची, म्हणजे कॉलेजच्या वसंतातल्या सुट्टीची, झुंबड उडते; तिच्या आधी पोर्ट अरॅन्सस आणि दक्षिण टोकाचं साउथ पाद्रे सोडा. डिसेंबरअखेर सूर्य पावणेसहाच्या आत मावळतो, म्हणून दुपारी दोनपर्यंत जागा हाती नसेल तर शोध थांबवून पर्यायी ठिकाणाकडे वळायचं. अंधारात अनोळखी वाळूवर गाडी उतरवणं म्हणजे टो-ट्रकला आमंत्रण. पर्याय म्हणून टेक्सासच्या महामार्गांवरचे रेस्ट एरिया चांगले आहेत. २४ तासांपर्यंत थांबता येतं, फक्त बाहेर तंबू-मांडव घालायचा नाही. दक्षिणेकडे रिओ ग्रांदे व्हॅलीत आरव्ही पार्क ढिगाने आहेत, पण 'विंटर टेक्सन', म्हणजे हिवाळ्यापुरत्या उत्तरेतून येणाऱ्या आजी-आजोबांसाठी असलेल्या त्यातल्या बऱ्याच पार्कांत ५५ वर्षांची अट असते आणि काही ठिकाणी दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी घेत नाहीत. फोन करून एका रात्रीची जागा विचारावी, गृहीत धरू नये.

आता टाक्या. दोघांना दिवसाला ६ गॅलन पाणी लागतं, तेही शॉवर एक दिवसाआड आणि अंग ओलं केल्यावर नळ बंद ठेवून. या हिशेबाने फ्रेश टँक सहा दिवस पुरतो, पण ग्रे टँक पाचव्या दिवशीच भरतो. पहिली मर्यादा नेहमी ग्रेचीच. आपल्या स्वयंपाकात ती आणखी लवकर येते, कारण फोडणीचं तेल. कढई थेट सिंकमध्ये धुतली की तेलकट थर टाकीतल्या सेन्सरवर बसतो आणि मीटर खोटं बोलायला लागतं. पॅनेलवर दिवा 'दोन तृतीयांश' दाखवत असतो आणि इकडे शॉवरच्या तळाशी बुडबुड आवाज येऊन हळदीच्या रंगाचं पाणी वर चढतं, कारण गाडीतलं सगळ्यात खालचं तोंड शॉवरचंच. उपाय साधा आहे: भांडी आधी कागदाने कोरडी पुसायची, मग स्प्रेच्या बाटलीने साबणपाणी आणि शेवटी एकच कपभर स्वच्छ पाणी. डाळ-भात कुकरमध्ये एकत्र लावला की गॅसही वाचतो आणि एक पातेलंही.

ब्लॅक टँकची गोष्ट उलटी. तिथे पाण्याची कंजुषी केली की मैला आणि कागद साचून संडासाच्या तोंडाखाली ढीग होतो आणि वाळल्यावर तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्याशिवाय निघत नाही. व्हॉल्व्ह कायम बंद ठेवायचा, डम्प करताना आधी ब्लॅक आणि मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. जेट स्प्रेने धुवायची सवय असेल तर आठ दिवसांची टाकी सहा दिवसांतच भरते. मगाने हिशेब राहतो.

वीज हा या गाडीचा सगळ्यात कच्चा दुवा. कॉर्पस क्रिस्टीच्या अक्षांशावर डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३९ अंश वर येतो. छतावर सपाट चिकटवलेल्या २०० वॅटच्या पॅनेलमधून स्वच्छ दिवशी ३५ ते ४० अँपिअर-तास मिळतात आणि धुक्याच्या दिवशी १० सुद्धा नाहीत. आणि या किनाऱ्यावर हिवाळ्यात धुकं पुष्कळ. फर्नेसचा पंखा एकटाच ७ अँपिअर खातो. गार रात्री निम्मा वेळ चालला तरी दहा तासांत ३५ गेले. म्हणजे दिवसाची कमाई रात्री साफ. मूळची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून १०० अँपिअर-तासांतले हाताशी ५०च. लिथियम लावल्यावर प्रश्न बराच सुटला, पण ती बॅटरी शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज करायची नसते, म्हणून ती गाडीच्या आत हलवली. सोबत जमिनीवर ठेवायचं १०० वॅटचं सुटं पॅनेल हवंच. ते सूर्याकडे कलतं ठेवता येतं, मात्र खुंट्यांनी जखडून. इथला वारा पॅनेल पतंगासारखं उचलतो. जनरेटर मुख्य टाकीतलंच पेट्रोल घेतो आणि टाकी पाव राहिली की आपोआप बंद पडतो. त्याला बिघाड समजून मेकॅनिक शोधत फिरू नका. नॅशनल पार्कच्या हद्दीत रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळावी लागते, तेव्हा चार्जिंग दुपारी उरकायचं.

'उबदार किनारा' या शब्दावर फार विसंबू नका. जानेवारीत कॉर्पसला दुपारी सरासरी ६६-६७ फॅरनहाइट, म्हणजे १९ सेल्सिअसच्या आसपास असतं. पण उत्तरेचा वारा, ज्याला तिथे 'नॉर्दर' म्हणतात, सुटला की तासाभरात २० अंश फॅरनहाइट उतरतात. फेब्रुवारी २०२१ च्या गारठ्यात तर साउथ पाद्रेच्या कन्व्हेन्शन सेंटरच्या फरशीवर थंडीने बधिर झालेली हजारो समुद्री कासवं आणून ठेवली होती. फर्नेस पाच तास चालली की दीडएक गॅलन प्रोपेन जातो. गाडीतली टाकी ९ गॅलनची, म्हणजे नॉर्दरच्या सहाएक रात्री. नॉर्दरचा अंदाज दिसला की गॅस आदल्या दिवशीच भरून घ्यायचा. गाडीचं नाक उत्तरेला ठेवायचं आणि ऑनिंग (बाजूचं कापडी छत) गुंडाळायची. फ्रिजची बाहेरची जाळी वाऱ्याच्या तोंडावर आली की ज्योत विझते आणि दूध नासल्यावरच कळतं.

नॉर्दर सुटण्याच्या आदल्या दिवशीचा धोका वेगळा आहे. तेव्हा समुद्राकडून जोराचा आग्नेय वारा वाहतो आणि पाणी वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्यापर्यंत चढतं. सुकलेल्या शेवाळाची सगळ्यात वरची रेषा बघून तिच्याही वर गाडी लावा.

रुतण्याची जागा बहुतेकदा एकच: डांबर संपतं तिथून भरतीच्या ओल्या, घट्ट वाळूपर्यंतचा कोरडा, भुसभुशीत पट्टा. आधी उतरून चालत जा. बुटाची टाच दोन इंच रुतली तर गाडी नेऊ नका. टायरमध्ये ७५ पीएसआय हवा असेल तर ४५ पर्यंत उतरवून, वेग ताशी १० मैलांच्या आत ठेवून, न थांबता तो पट्टा ओलांडायचा. चाक जागेवर फिरायला लागलं की ॲक्सिलरेटर सोडा, नाहीतर गाडी एक्सलवर बसते. फावड्याने चाकांपुढची वाळू काढून रिकव्हरी बोर्ड (चाकाला पकड देणाऱ्या खाचांच्या फळ्या) मागच्या चाकांपुढे सरकवा. डांबरावर परतल्यावर हवा पुन्हा भरायला लायटरच्या भोकात लावायचा छोटा कंप्रेसर उपयोगी नाही. ७५ पर्यंत जायला थेट बॅटरीला चिमटे लावायचा कंप्रेसर लागतो.

चार महिन्यांत खाऱ्या हवेने काय खाल्लं? पायरीची मोटर अडकायला लागली, बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट बुरशीसारखं साचलं, फर्नेसच्या बाहेरच्या जाळीला गंज धरला. दर दहा दिवसांनी उंच शेडच्या कार-वॉशमध्ये खालून गोड्या पाण्याने धुणं आणि टर्मिनलवर ग्रीस, एवढं केलं तर निभावतं. आतल्या दमटपणाने गादीची खालची बाजू ओली होते. गादीखाली जाळीदार फळी ठेवावी आणि स्वयंपाक करताना छताचा पंखा लावावा.

पोर्ट अरॅन्ससची फेरीबोट फुकट आणि चोवीस तास चालते, पण चढण्याआधी प्रोपेनचा व्हॉल्व्ह बंद करायचा, म्हणजे फ्रिजही बंद. व्हॅलीतून उत्तरेला परतताना यूएस-७७ वर सरिटाला किंवा यूएस-२८१ वर फॅल्फ्युरिअसला बॉर्डर पेट्रोलची (सीमा गस्ती दलाची) चौकी लागते. एच-१बी असो वा ग्रीन कार्ड, मूळ कागद गाडीत हवेत. भारतातून आलेले आईबाबा सोबत असतील तर त्यांचा पासपोर्ट आणि आय-९४ ची (अमेरिकेत आल्याच्या नोंदीची) प्रत हाताशी ठेवा. कागद घरी आणि फोनमध्ये फोटो, एवढ्याने भागत नाही.

शिकागोसारख्या ठिकाणाहून निघताना पाइपांत अँटिफ्रीझ (न गोठणारा द्रव) तसंच राहू द्या आणि सॅन अँटोनिओपर्यंत पिण्याचं पाणी कॅनमधून, संडासाला अँटिफ्रीझ असं भागवा. तिथे पाइप धुऊन, १५ गॅलनला पाव कप या प्रमाणात ब्लीच घालून १२ तास ठेवा आणि वास जाईपर्यंत टाकी भरून रिकामी करत राहा. परतताना गोठणाऱ्या रात्री लागण्याआधी उलट क्रम: वॉटर हीटरची टाकी रिकामी करून बायपास, मग दोन-तीन गॅलन गुलाबी अँटिफ्रीझ पंपाने ओढून प्रत्येक नळातून गुलाबी पाणी येईपर्यंत. गाडीच्या बाहेरच्या शॉवरचे दोन नळ बहुतेक जण विसरतात आणि वसंतात फुटलेला पाइप तिथेच सापडतो.