रुंद टायरचा सल्ला आणि आतल्या बाजूचे चार आकडे

टायरच्या दुकानात गाडी उभी राहिली आणि मालकानं चाकाकडे बघून ‘भाऊ, टायर लय बारीक वाटून राह्यले’ असं सुरू केलं, की समजा त्याच्याकडे रुंद टायरचा माल पडून आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मला असाच 52,000 रुपयांचा फटका बसला. ग्राहक आयोगात तक्रार चालू आहे, म्हणून दुकानाचं नाव लिहीत नाही. पद्धत मात्र पूर्ण लिहितो.

गाडी माझी महिंद्राची जुनी थार, फोर बाय फोर, म्हणजे इंजिनची ओढ चारही चाकांना देता येणारी. टायर कंपनीच्याच मापाचे, 235/70 आर 16, म्हणजे 235 मिलिमीटर रुंद. डांबरी सडक सुटली की वावरापर्यंत दोन-अडीच किलोमीटर पांदण, म्हणजे शेतात जाणारी कच्ची वाट. पावसाळ्यात मोटारसायकलचं काम नाही, बैलबंडी कशीबशी जाते. मृगाच्या आधी टायर बदलून टाकावे म्हणून 2024 च्या जूनच्या सुरुवातीला गेलो. त्याच मापाचे, फक्त जरा खोल नक्षीचे टायर मागितले.

सेठनं ते दाखवलेच नाहीत. म्हणाला, “ते शहरातल्या लोकाइले ठीक हाय. तुमच्या गाऱ्यात गाडी तरंगली पाह्यजे. उंटाचा पाय पाहा ना भाऊ, रुंद असते म्हणून रुतत नाही. 265 टाका. गाडी दिसन बी कशी!”

उंटाचं खरं आहे, पण उंट रेतीत चालतो. पैनगंगेच्या किंवा वर्धेच्या कोरड्या पात्रातून गाडी काढायची असेल, तर रुंद टायर आणि कमी हवा हाच उपाय. आमच्या पांदणीत रेती नाही, काळी माती आहे. ती ओली झाली की फुगते, चिकटते आणि नक्षीच्या खाचांत अशी बसते की टायर गुळगुळीत होऊन जातो. जिथं वर वीतभर गारा (चिखल) आणि खाली मुरूम आहे, तिथं बारीक टायर गारा कापून मुरमाला टेकतो आणि गाडी ओढतो. रुंद टायर वरच्यावर घसरत राहतो, वर पुढचा चिखलही जास्त ढकलत जातो. जिथं काळी माती कंबरभर खोल आहे, तिथं भर पावसात बारीक टायर ॲक्सलपर्यंत जातो आणि रुंद टायर थोड्या वेळानं जातो, एवढाच फरक. तिथं ट्रॅक्टरवाल्याला फोन करायचा. जुन्या जीपना 6.00-16, म्हणजे सहा इंच रुंद, असले अरुंद, उंच टायर होते. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप त्याच मापावर चिखलातून हिंडली.

आणखी एक गोष्ट कोणताच दुकानदार सांगत नाही, कारण ती फुकट आहे. टायरचा जमिनीला टेकणारा भाग मुख्यतः गाडीच्या वजनावर आणि आतल्या हवेवर ठरतो. हवा तेवढीच ठेवून रुंद टायर लावला, तर टेकणारा भाग आडवा वाढतो आणि लांबीला कमी होतो. तीसची हवा वीसवर आणली, तर आहे तोच टायर लांब टेकतो आणि पकड वाढते. डांबरीवर आलं की हवा परत भरायची, त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंप गाडीत ठेवायचा. 52,000 च्या मानानं तो पंप किरकोळ खर्च.

हे सगळं मला त्या दिवशी कुणी सांगितलं नाही. सेठ मात्र तासभर बोलत होता. मग पोराला हाक मारली, “भाऊसाठी चहा सांग,” आणि गाडी आत घेतली. मी चहा पीत असताना चारही चाकं चढली. बाहेर आली तेव्हा टायर काळेकुळकुळीत, पॉलिश मारलेले, वर रबराचे ते बारीक केसही शाबूत. त्या केसांवर जाऊ नका. टायर रस्त्यावर धावला नाही तोवर ते तसेच राहतात, मग तो टायर गोदामात सहा वर्षं का पडून असेना.

पैशाचा हिशोब असा झाला. एका टायरचे चौदा हजार, चारचे छप्पन्न. माझे जुने चार टायर ‘संपले’ म्हणून दीड-दीड हजारात घेतले, म्हणजे सहा हजार वजा. बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि हवेचे नवे व्हॉल्व्ह धरून दोन हजार पुन्हा वर. पक्कं बिल मागितलं तर म्हणे, “28 टक्के वरून लागन, कायले उगाच सरकारले देता?” आणि साध्या पॅडवर ‘टायर 4 नग’ लिहून दिलं. छापील किंमत सगळे कर धरून असते, त्यावर आणखी जीएसटी मागणं हीच पहिली खूण. (22 सप्टेंबर 2025 पासून नव्या टायरवरचा जीएसटी 18 टक्के झाला आहे. आता कुणी 28 सांगत असेल तर ती दुहेरी लबाडी.) अर्धे पैसे फोनवरून घेतले, ते दुकानाच्या नावावर गेले नाहीत, भाच्याच्या नावावर गेले. अर्धे रोख. आणि ‘संपलेले’ माझे टायर पुढच्या बाजाराला गेलो तेव्हा त्याच दुकानाच्या भिंतीला, धुऊन-पुसून, ‘सेकंड’ म्हणून उभे होते.

पहिल्या जोराच्या पावसात रुंद टायरचे गुण कळले. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचा टायर मडगार्डला घासायचा. त्या फटीत काळी माती ठासून बसली आणि चाक फिरायचंच थांबलं. पांदणीत उकिडवं बसून खुरप्यानं माती उकरली, दहा पावलं गाडी गेली, पुन्हा तेच. शिवाय 265/75 चा टायर माझ्या मापापेक्षा जवळजवळ 70 मिलिमीटर उंच. त्यानं पहिला गिअर जड झाला, ओढ कमी झाली, ॲव्हरेज पडलं. स्पीडोमीटर साठ दाखवायचा तेव्हा गाडी पासष्टच्या वर असायची.

पण हे सगळं चुकीच्या सल्ल्याचं झालं. खरी फसवणूक पोळ्याच्या सुमारास उघडी पडली. मागचं चाक पंक्चर झालं, गावातल्या पंक्चरवाल्या पोरानं ते काढून पालथं टाकलं, चिखल पुसला आणि मलाच विचारलं, “काका, हे टायर नवे घेतले म्हनता ना? हे तर 2018 चे हायेत.”

त्यानं बोट ठेवलं तिथं लांबट चौकटीत चार आकडे होते, 1418. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे 2018 सालचा चौदावा आठवडा, एप्रिलची सुरुवात. बऱ्याच टायरवर हे आकडे एकाच बाजूला असतात. दुकानात चारही टायर आकडे आत येतील असे बसवले होते. गाडीखाली आडवं पडून बॅटरी मारल्याशिवाय दिसायचे नाहीत. बाकीची तीन चाकं तिथंच उतरवली. दुसऱ्यावरही 1418, तिसऱ्यावर 4117, आणि चौथ्यावर ती चौकट ग्राइंडरनं घासून सपाट केलेली. नक्षीच्या खाचा बोटांनी फाकवल्या तर तळाशी केसासारखे तडे. आपल्याकडच्या पंचेचाळीस डिग्रीत, टिनाच्या शेडखाली, रबर वर्षानुवर्षं पडून राहिलं की कडक होतं आणि फाटतं. असा टायर वेगात फुटला तर काय होतं ते नागपूर रोडवर गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको.

पंक्चर निघेना म्हणून स्टेपनी लावली. ती जुन्याच मापाची. तीन चाकं उंच आणि एक बुटकं अशा अवस्थेत फोर बाय फोर टाकायचं नाही, मेकॅनिकनं बजावून सांगितलं. चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरतात आणि सगळा ताण गिअरच्या डब्यावर येतो, विशेषतः कडक रस्त्यावर. म्हणजे फोर बाय फोर असून पावसाळ्याचे उरलेले दिवस मी फोर बाय टू, दोनच चाकांच्या ओढीवर. माप बदलायचंच असेल तर पाचही टायर बदलावे लागतात, हेही दुकानात निघालं नव्हतं.

सेठकडे गेलो तर म्हणाला, “आमच्या इथलेच हायेत कशावरून? बिल दाखवा.” ज्या बिलासाठी त्यानं 28 टक्क्यांची भीती घातली होती, तेच.

तरी पुरावा अगदीच नव्हता असं नाही. पॅडच्या कागदावर दुकानाचा शिक्का होता, भाच्याच्या खात्यात पैसे गेल्याची नोंद फोनमध्ये होती, आणि चाकं चढवताना पुतण्यानं काढलेल्या फोटोत दुकानाची पाटी आली होती. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवली. तिथून दुकानाला फोन गेल्यावर सेठ पहिल्यांदा ‘दोन टायर बदलून देतो’ म्हणाला. मी नाही म्हटलं. मग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वकील केलाच पाहिजे असंही नाही.

गाडीला आता पुन्हा 235/70 च आहेत, मोकळ्या खाचांच्या नक्षीचे, म्हणजे चाक फिरताना माती झटकून टाकणारे. ते यवतमाळहून आणले. रिमवर चढण्याआधी पाचही टायर जमिनीवर आडवे पाडून तारीख वाचली, एक वर्षभराहून जुना निघाला तो बदलून घेतला, आणि आकडे बाहेरच्या बाजूला येतील असेच बसवायला लावले. प्रत्येक टायरचा नंबर पक्क्या बिलावर लिहा म्हटलं तेव्हा काउंटरवरचा पोरगा वैतागला. “एवढं कोन लिहून घेते, काका?” म्हणाला. पण लिहून दिलं.