पोटातल्या परजीवींवर औषध घ्यावं की प्रोबायोटिक?

गोळ्यांची धास्ती वाटते म्हणून आधी प्रोबायोटिक (आतड्याला उपकारक असे जिवंत जिवाणू किंवा यीस्ट) घेऊन बघावं, असं अनेकांना वाटतं. पण ठरवण्याआधी एक गोष्ट कळायलाच हवी: पोटात नेमका कोणता परजीवी आहे? त्यासाठी शौचाची तपासणी करावी लागते. एका नमुन्यात काही सापडलं नाही, तरी जिआर्डिया (आतड्यात राहून जुलाब लावणारा एकपेशीय परजीवी) नाहीच असं म्हणता येत नाही. तो रोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे नमुने द्यावेत.

जंत निघाले, तर तुलना तिथेच संपते. अल्बेंडाझोल हे जंताचं औषध त्याच्या पेशींमधल्या सूक्ष्मनलिका (पेशीच्या आतला सांगाडा) तयार होऊ देत नाही. त्याला ग्लुकोज शोषता येत नाही आणि तो उपासमारीने मरतो. गोलकृमींवर 400 मिलिग्रॅमचा एकच डोस बहुतेकदा पुरतो. चाबूककृमीवर मात्र तोच डोस बराच कमी पडतो, तिथे डॉक्टर जास्त दिवस औषध देतात. सूतकृमी असतील तर दोन आठवड्यांनी पुन्हा डोस घ्यावा लागतो, आणि घरातल्या सगळ्यांनीच. हे काम माणसाच्या पोटात प्रोबायोटिक करतं, याचा भरवशाचा पुरावा नाही.

जिआर्डियाची गोष्ट वेगळी आहे, आणि मला इथेच खरी उत्सुकता वाटते. लॅक्टोबॅसिलस या जिवाणूच्या काही जाती पित्तक्षारांचं (पित्तातल्या क्षारांचं) विघटन करतात आणि त्यातून बनणारे घटक जिआर्डियाला घातक ठरतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. प्राण्यांमध्येही संसर्ग सौम्य झालेला आढळला. माणसांवरचे प्रयोग मात्र थोडे आणि लहान आहेत. सॅकरोमायसिस बोलार्डी या यीस्टचा 2006 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास नेहमी पुढे केला जातो. त्यात हे यीस्ट जोडीला घेणाऱ्यांचे निष्कर्ष चांगले होते. पण तो बारकाईने वाचा: दोन्ही गटांना मेट्रोनिडाझोल हे जिआर्डियावरचं औषध दिलेलं होतं. म्हणजे तो पुरावा जोडीचा आहे, औषधाऐवजी प्रोबायोटिक घेण्याचा नाही.

अमिबाच्या आवेतही बोलार्डी जोडीला दिल्यावर जुलाब लवकर थांबल्याचं काही अभ्यासांत दिसलं. तरी मेट्रोनिडाझोलनंतर आतड्यात उरलेल्या पुटींसाठी (कवच घेतलेल्या अमिबांसाठी) पॅरोमोमायसिन किंवा डायलोक्सानाइड यांपैकी एक औषध लागतंच. जुलाब थांबले म्हणून हा टप्पा गाळू नका.

त्रासाचं म्हणाल तर मेट्रोनिडाझोलने तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळतं, आणि त्या काळात दारू टाळायला सांगतात. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत अल्बेंडाझोल टाळतात. प्रोबायोटिकने बहुतेकांना फार तर पोट फुगल्यासारखं वाटतं. पण प्रतिकारशक्ती खूप खालावलेल्या किंवा मोठ्या शिरेत नळी असलेल्या रुग्णाच्या रक्तात बोलार्डी यीस्ट शिरल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. अशा माणसाला ते परस्पर देऊ नये.

माझं मत स्पष्ट आहे: जंत असतील तर फक्त औषध, जिआर्डिया किंवा अमिबा असेल तर औषध पूर्ण घ्या आणि डॉक्टरांना विचारून बोलार्डी जोडीला घ्या. घेणार असाल तर पाकिटावर जातीचं नाव बघा, कारण एका जातीचा गुण दुसरीला लागू होत नाही. जिआर्डिया गेल्यावरही काहींना काही आठवडे दूध पचत नाही आणि जुलाब होत राहतात. तेव्हा औषध वाया गेलं असं धरून दुसरा कोर्स सुरू करू नका. आधी शौच पुन्हा तपासून घ्या.