माउंट व्हर्नन : घर बघायला गेलो आणि वाटणीपत्रात अडकलो

लेकीकडे व्हर्जिनियाला आलं की पाहुण्यांना माउंट व्हर्ननला न्यायचंच असा त्यांच्या घरी नियमच आहे, त्यामुळे आमचीही वरात निघाली. जॉर्ज वॉशिंग्टनचं घर, पोटोमॅक नदीच्या काठावर, मागचा लांबच लांब व्हरांडा, तिथल्या खुर्चीत बसून नदी बघत राहायचं, हे सगळं भारीच आहे, फोटोत दिसतं त्याहून भारी. भिंती दगडाच्या वाटतात पण लाकडी फळ्या आहेत, रंगावर वाळू मारून दगडाचा आव आणलाय. पण त्याबद्दल सगळेच लिहितात. मी तीस वर्षं दस्तनोंदणीच्या कामात काढलीत, हजारो मृत्युपत्रं हाताखालून गेलीत, त्यामुळे माझा रिव्ह्यू त्या बाजूचा.

जावयाने आदल्या रात्री वॉशिंग्टनचं मृत्युपत्र फोनवर उघडून दिलं, आणि खरं सांगतो, ते वाचून गेलो म्हणून टूर वसूल झाली. २९ पानं, स्वतःच्या हाताने लिहिलेली, वकिलाला विचारलं नाही असंही त्यातच लिहून ठेवलंय. पानोपान सह्या, पण एका पानावर करायची राहिली आणि तारखेत सतराशे नव्याण्णवच्या जागी सतराशे नव्वद झालंय, शेवटचा नऊ विसरला गडी. आमच्याकडे असा कागद आला असता तर मी दहा वेळा परत पाठवला असता. साक्षीदारही नाहीत, तरी फेअरफॅक्सच्या कोर्टात हस्ताक्षर ओळखणाऱ्यांच्या जबाबावर जानेवारी १८०० मध्ये सिद्ध झालं. आणि एक कलम तर मला फार आवडलं, वारसांत वाद झालाच तर तीन शहाणी माणसं नेमायची, दोघं दोन्ही पक्षांनी निवडायची आणि तिसरा त्या दोघांनी, कोर्टाची पायरी चढायची नाही. भाऊबंदकी कशी असते ते माहीत असलेल्या माणसाचं लिखाण आहे हे.

वाटणीचं सांगतो थोडक्यात. स्वतःचं मूल नाही, त्यामुळे बायको मार्थाला हयातीपुरता उपभोग आणि मग तुकडे. मुख्य घर आणि सुमारे ४००० एकर, शिवाय सगळे कागदपत्र आणि पुस्तकं पुतण्या बुशरॉडला (हा सुप्रीम कोर्टाचा न्यायमूर्ती), २००० एकर भाचा लॉरेन्स लुईस आणि त्याची बायको नेली म्हणजे मार्थाची पहिल्या लग्नाकडची नात यांना, नदीकडेचा आणखी एक पट्टा दोन चुलत नातवंडांना, बाकीचं विकून २३ हिस्से. पाच पुतण्या-भाच्यांना तलवारी, त्याही मृत्युपत्रात ज्या क्रमाने नावं आलीत त्या क्रमाने निवडायच्या, म्हणजे तिथेही भांडण नको.

गाइड बाई छान होत्या, पाठ केलेलं म्हणत नव्हत्या. वरच्या मजल्यावर ज्या खोलीत वॉशिंग्टन १४ डिसेंबर १७९९ ला वारला तिथे त्यांनी सांगितलं की शेवटच्या दिवशी त्याने मार्थाला खालच्या अभ्यासिकेतून दोन मृत्युपत्रं आणायला लावली, बघितली, एक आता निरुपयोगी म्हणून जाळायला दिलं आणि दुसरं ठेवलं. मला त्या जळालेल्या कागदाचंच वाटत राहिलं. त्यात काय होतं कोणास ठाऊक.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे लिहायला बसलो. जमीन वाटणं सोपं होतं, मोजायची आणि खुणा करायच्या. या मळ्यावर १७९९ मध्ये ३१७ गुलाम माणसं होती. वॉशिंग्टनने लिहिलं की माझी जी आहेत ती मार्थाच्या पश्चात मोकळी. पण त्याच्या मालकीची फक्त १२३. १५३ जण होते ते मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतले, तो डॅनियल कस्टिस १७५७ मध्ये मृत्युपत्र न करता गेला, मग कायद्याने विधवेला तिसरा हिस्सा, तोही हयातीपुरता, तिच्यानंतर कस्टिसच्या वारसांना. जॉर्ज काय किंवा मार्था काय, कोणालाच त्यांना सोडायचा अधिकार नाही. आणि चाळीस वर्षं एकाच मळ्यावर राहिल्यावर लग्नं काय मालकी बघून होतात का? आयझॅक सुतार वॉशिंग्टनचा, त्याची बायको किटी दुधाच्या खोलीतली, ती कस्टिसच्या वाट्याची, आणि मुलं आईच्या मालकाची, त्यामुळे मुलीही तिकडेच. बाप मोकळा झाला, बायको-मुली नाहीत. आम्ही दस्तात हयातीपुरता हक्क हा शब्द रोज लिहायचो, घर किंवा विहिरीपुरता, त्यात माणूस बसतो हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

१२३ जणांची सुटका मार्थाच्या मरणावर टांगलेली, हे तिच्याही लक्षात आलं असणार, तिने १ जानेवारी १८०१ लाच त्यांना मोकळं केलं. ती १८०२ मध्ये गेली आणि मग कस्टिसच्या वाट्याची माणसं तिच्या चार नातवंडांत वाटली गेली. कुटुंबं फुटली ती तिथे. फक्त विल्यम ली, वॉशिंग्टनचा खास नोकर, याला मात्र लगेच स्वातंत्र्य आणि वर्षाला ३० डॉलर.

घरापेक्षा मागचा भाग नक्की बघा. ग्रीनहाऊसला लागून गुलामांच्या राहायच्या खोल्या आहेत, मूळ इमारत १८३५ मध्ये जळाली आणि हे नंतर उभं केलंय, पण लाकडी बाकडीवजा बिछाने बघून कळतं काय ते. तिथून वॉशिंग्टनच्या समाधीकडे जा आणि थोडं पुढे गुलामांची दफनभूमी. एकाही थडग्यावर नाव नाही. १९२९ ची एक पाटी आहे, तिच्यात 'विश्वासू' नोकर असा उल्लेख, आणि जवळच १९८३ चं स्मारक, हॉवर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी डिझाइन केलेलं. बायको तिथे बराच वेळ उभी होती, काही बोलली नाही.

तक्रार एकच आणि ती जागेबद्दल नाही, आम्ही ज्या व्हॅनवाल्याकडून गेलो त्याने दोन तासांत सगळ्यांना हाकलत परत आणलं, म्युझियमचा निम्मा भाग राहिला आणि जे कागद बघायचे होते तिथपर्यंत पोचलोच नाही. मेट्रोने हंटिंग्टन स्टेशनपर्यंत आणि तिथून बस मिळते, स्वतःचे स्वतः जा आणि अख्खा दिवस ठेवा. घराला पाच स्टार, व्हॅनला एक, आणि पुढच्या खेपेस मी एकटाच जाणार आहे, वहीपेन घेऊन.